गुडघ्याखालचा उंचवटा

४ मार्च, मंगळवार

ही वही मापांची आहे. खोलीची लांबी-रुंदी, किती फरश्या लागल्या, किती फुटल्या, एवढंच मी हिच्यात लिहीत आलो. आज मापं लिहायला बसलो आणि त्यात मन लागेना, म्हणून बाकीचं लिहितोय. कोणी वाचायची भीती नाही. बायकोला माझं अक्षर लागत नाही आणि ओळंब्याला वाचायचा आळस आहे.

ओळंबा म्हणजे माझा जोडीदार. गवंड्याच्या दोरीला लटकणाऱ्या ओळंब्यासारखाच उंच, सरळसोट, आणि तोंडाने कायमचा बंद. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र आहोत. तो उभ्याने सिमेंटचा माल कालवतो, फरशी कापतो; मी गुडघ्यावर बसून ती लावतो. सध्या नव्या शाळेच्या सभागृहाचं काम आहे. मोठ्या फरश्या, दोन हात लांब एकेक. ठेकेदार म्हणालाय, हे नीट उतरलं तर शाळेची सगळी इमारत तुझ्याकडे, दोन वर्षं दुसरीकडे बघायला नको.

आज सातव्या ओळीत उंचवटा लागला. ओळ पुरी झाली की मी डोळे मिटून तिच्यावरून गुडघा फिरवतो. ही माझी जुनी रीत. पाणसळीतला बुडबुडा सगळेच बघतात. मला गुडघ्याच्या वाटीखाली नखाएवढा फरक कळतो, आणि म्हणूनच मी गुडघ्याला गाद्या बांधत नाही. गादी बांधून फरशी बघायची म्हणजे कानात कापूस घालून गाणं ऐकायचं. तर आज डावा गुडघा टेकला आणि खाली फडक्याचा बोळा राहिलाय असं वाटलं. मऊ, पण आहे. दोन फरश्या उचलल्या. खाली काही नाही. परत बसवल्या, परत बोळा.

माल पातळ झाला असणार. ओळंब्याला तसं बोललो. तो म्हणाला, "नेहमीचाच आहे, मिस्त्री."

७ मार्च, शुक्रवार

आठवी ओळ, नववी ओळ, तोच बोळा. ओळंब्याने पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. मी म्हटलं, पट्टी कुठेतरी आपटली असेल, बिघडली. त्याने ती उलट फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा मधोमध. मी म्हटलं, तुझ्या बुडबुड्याला सांग, मी पंचवीस वर्षं गुडघ्यावर काढलीत, तू काचेत काढलीस.

ओळंबा हसला नाही. हल्ली हसत नाही तो. मालात पाणी जास्त घालतो आणि वर तोंड पाडून बसतो.

९ मार्च, रविवार

सुट्टी. बायको लांब दांड्याच्या मॉपने स्वयंपाकघर पुसत होती. मला ते बघवत नाही. ही फरशी मी अकरा वर्षांपूर्वी स्वतः बसवली, आमच्या घरासाठी केलेलं एकुलतं एक काम. आयुष्यातली सगळ्यात सपाट फरशी कुठली असं कोणी विचारलं तर मी हीच दाखवीन. आधी बायको खाली बसून हाताने पुसायची, कोपरा न् कोपरा. गेल्या वर्षीपासून हा दांडा आलाय. फरश्यांच्या सांध्यांत घाण राहते, मला दिसते.

मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "चार जिने हाताने पुसून येते ना रोज? घरी तरी उभी राहू द्या."

ती दोन इमारतींचे जिने पुसते. पायऱ्यांच्या कोपऱ्यात मॉप जात नाही म्हणून तिथे हाताने, पायरीवर गुडघा टेकून. काम चोख असतं तिचं. पण घरी आळस चढलाय. वय होतंय, दुसरं काय.

११ मार्च, मंगळवार

आज मी चौदा फरश्या फोडल्या.

सातवी आणि आठवी ओळ. बसलेल्या, सुकलेल्या. छिन्नी लावली आणि सुटलो. ओळंबा भिंतीला टेकून बघत होता. सगळं उखडून झाल्यावर नवा माल मी स्वतः कालवला, त्याला हात लावू दिला नाही, आणि रागारागात दोन्ही ओळी पुन्हा बसवल्या. डोळे मिटून गुडघा फिरवला. बोळा तिथेच.

तेव्हा ओळंबा माझ्यासमोर खाली बसला. एकोणीस वर्षांत मी त्याला कामावर बसलेलं पाहिलं नाही. म्हणाला, "पँट वर करा."

वर केली. उजव्या गुडघ्याचं हाड नेहमीसारखं. डाव्याच्या वाटीवर, कातडीखाली, अर्धं लिंबू ठेवावं तशी सूज. त्याने बोटाने दाबली, ती बसली आणि परत वर आली. "फरशी सपाट आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "बोळा तुमच्यात आहे."

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाला, चार-पाच दिवस, चालताना दिसत होतं. मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "तुम्ही ऐकता का?"

चांगल्या चौदा फरश्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी ओरडतो, तसा ओरडलो. तो कटर पुसून निघून गेला.

१२ मार्च, बुधवार

बायकोने सकाळी गुडघा बघितला. हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तापलाय का?" मी म्हटलं नाही. "लाल?" नाही. "मग ठीक आहे," म्हणाली आणि फ्रीजमधून बर्फ काढून फडक्यात गुंडाळून दिला. आमच्या घरी सरबतं कोणी पीत नाही, तरी दोन्ही ट्रे कायम भरलेले. बायकांचं काय असतं देव जाणे.

१३ मार्च, गुरुवार

दवाखान्यात गेलो, बायको बरोबर. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई नाही त्यांना. गुडघा वाकवून सरळ करून बघितला. वाकवताना फारसं दुखत नाही हे बघून म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे, सांधा आतून ठीक आहे. सूज सांध्यात नाही, वाटीच्या पुढे आहे.

मग समजावून सांगितलं. कातडी हाडावरून सरकावी म्हणून वाटीपुढे एक चपटी पिशवी असते, तिच्यात थेंबभर पाणी. रोज तिच्यावर भार देऊन घासलं की ती चिडते आणि पाणी वाढवत जाते. "फरशीवाल्यांना होतं, गालिचेवाल्यांना होतं, पुसण्याचं काम करणाऱ्यांना तर फारच," त्या म्हणाल्या. मी विचारलं, सुईने काढून टाका ना ते पाणी, उद्या कामावर जातो. त्या म्हणाल्या, सध्या गरज नाही. सूज बरीच वाढली किंवा शंका आली तर काढू आणि तपासू. उगाच सुई घातली तर बाहेरचे जंतू आत जातील. आणि काढलं तरी गुडघा पुन्हा टेकलात की पुन्हा भरणार.

लिहून घेतलं ते असं: तीन आठवडे गुडघा टेकायचा नाही, अजिबात. बर्फ फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पट्टी बांधायची पण आवळायची नाही. झोपताना पाय उशीवर. गोळ्या जेवणानंतर, वरून लावायला मलम. पुढे कामाला लागलो तर जाड गाद्या बांधूनच. आणि गुडघा लाल झाला, गरम लागला, कातडी फाटली, ताप आला, तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हे शेवटचं मला लागू नाही, पण त्यांनी लिहा म्हटलं म्हणून लिहिलं.

बायकोने मात्र प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. दोन्ही गुडघ्यांना होतं का? जुनं असेल, दोन-तीन वर्षांचं, तर बसतं का? आणि ज्याला काम थांबवता येत नाही त्याने काय करायचं? डॉक्टरीणबाई तिच्याकडे जरा बघत राहिल्या. "कोणाबद्दल विचारताय?" बायको म्हणाली, "यांच्याबद्दलच." माझी बाजू मांडत होती बिचारी. मला बरं वाटलं.

१६ मार्च, रविवार

घरी बसून भिंती बघतोय. सूज थोडी उतरली. पट्टी बायको बांधते, आडवी-तिडवी फिरवून, वाटी मोकळी सोडून, दिवसभर सरकत नाही. विचारलं, कुठे शिकलीस? "बघून बघून," म्हणाली. कोणाचं बघून ते सांगितलं नाही.

ओळंबा आला नाही. फोन नाही. सभागृहात अकरा ओळी बाकी आहेत.

१९ मार्च, बुधवार

गोळ्यांचं पाकीट आज संपलं, अजून चार दिवस पुरायला हवं होतं. दुकानदाराने कमी दिल्या असतील. हल्ली माणसं डोळ्यांदेखत फसवतात. लावायच्या मलमाची नळीही अर्धी झालीय आणि मी ते एकदाच लावलं. बायकोला म्हटलं, जाऊन भांड त्याच्याशी. ती म्हणाली, जाऊ द्या हो, नवीन आणते.

२१ मार्च, शुक्रवार

ठेकेदाराचा फोन. शाळा उघडायची तारीख ठरली. तो म्हणाला, सोमवारी येणार नसशील तर मी दुसरी जोडी बोलावतो, राग मानू नकोस. मी म्हटलं येतो. तीन आठवडे म्हणजे काय, बाईंनी जरा वाढवूनच सांगितलं असणार. दुकानदार कमी देतो, डॉक्टर वाढवून सांगतात. सूज निम्म्याच्या खाली आलीय.

बायको म्हणाली, "जाऊ नका."

मी म्हटलं, इमारत हातची जाईल. मग तिने पट्टी बांधायला घेतली. तिला कळतं काम म्हणजे काय ते. गुडघा मोडला म्हणून ती कधी घरी बसली नसती.

२४ मार्च, सोमवार

डोकं चालवलं. गादी बांधायची नाही, पण वाटीवर भारही यायला नको. मग काय? सांधे पुसायचा मोठा स्पंज घेतला, मधोमध वाटीएवढं भोक कापलं आणि जुन्या शर्टाच्या पट्ट्यांनी गुडघ्याला बांधला. भार कडेवर पडतो, वाटी भोकात मोकळी, फरशीला जेमतेम टेकते. म्हणजे सूजही वाचली आणि फरशीही कळली. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं होतं.

ओळंबा आला. ठेकेदाराने त्याला बोलावलं होतं. माझ्याकडे बघून मान हलवली, स्पंजाकडे बघून म्हणाला, "हा सिमेंटच्या पाण्यातला आहे. धुतलात का?" मी म्हटलं, पिळलाय. पंचवीस वर्षं सिमेंट अंगावर घेतोय, ते मला खात नाही. दिवसभर स्पंज ओलाच होता. चार ओळी झाल्या.

२५ मार्च, मंगळवार

आणखी तीन ओळी. भोकाच्या कडेने कातडी पांढरी, सुरकुतलेली, आग होते. म्हणजे औषध लागू पडतंय.

२६ मार्च, बुधवार

तीन ओळी. एकच राहिली. वाटीवरची कातडी एका ठिकाणी उघडली, लहानशी, तांदळाच्या दाण्याएवढी. बायकोला दाखवली नाही, उगाच बोलत बसेल. थंडी वाजतेय. सभागृहात वारा फार येतो.

३ एप्रिल, गुरुवार

इस्पितळातून लिहितोय. वही बायकोने आणून दिली.

२७ला सकाळी उठलो तो अंग तापलेलं. मला वाटलं सर्दीचा ताप आहे, दुपारपर्यंत उतरेल, शेवटची ओळ लावून टाकू. बायकोने पांघरूण काढलं. गुडघा लालभडक, मांडीपर्यंत लाली चढलेली, हात लावला तर चटका. तिने स्पंज बघितला, उघडलेली कातडी बघितली आणि मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. रिक्षा बोलावून आणली. मी म्हणत होतो उद्या जाऊ. ती म्हणाली, "लाल, गरम, फाटलेली कातडी, ताप. त्याच दिवशी. आज." मी लिहून घेतलं होतं, हिने पाठ केलं होतं.

इथे सुई घातली. बाहेर आलं ते पाणी नव्हतं. चहात दूध नासलं की दिसतं तसं काहीतरी. सिमेंटच्या पाण्याने कातडी भाजली, त्यातून जंतू पिशवीत गेले, असं सांगितलं. तेव्हापासून हाताला नळी आणि औषध थेंब थेंब. सात दिवस झाले. ताप उतरतो, चढतो.

बायको रोज संध्याकाळी जिने आटोपून येते. खुर्चीत बसते, समोरच्या पलंगाच्या कडेवर पाय लांब करून. परिचारिका एकदा रागावली, पाय खाली घ्या म्हणून. तिने घेतला, आणि परिचारिका गेल्यावर परत वर ठेवला.

६ एप्रिल, रविवार

पिशवी काढली. औषधाने मिटत नव्हतं, आत गाठी झाल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, सगळं साफ निघालं, चालणं-फिरणं पूर्ववत होईल. मी विचारलं, टेकणं? ते म्हणाले, आधी टाके तर सुकू द्या. ज्या माणसाला उत्तर माहीत असतं तो असंच बोलतो. ठेकेदाराला भाव सांगायचा नसला की मीही असंच बोलतो.

१९ एप्रिल, शनिवार

घरी येऊन आठ दिवस झाले. टाके काढले. आज तपासणी होती.

डॉक्टरांनी वाटीवरून पीस फिरवलं. कळतंय का? नाही. सुईचं टोक? नाही. वाटीवर तळहाताएवढा भाग मेलेला आहे. म्हणाले, कापताना कातडीच्या बारीक नसा जातात, काहींची जाणीव सहा-आठ महिन्यांनी परत येते, काहींची नाही. गुडघ्यावरचं काम मात्र सोडा. कधीमधी टेकावाच लागला तर जाड गादी घालून, थोडा वेळ. दिवस-दिवस नाही.

मी म्हटलं, उजवा आहे ना? ते म्हणाले, तोही त्याच वाटेवर आहे, नीट बघा. बघितलं. वाटीवरची कातडी जाड, काळपट, आणि खाली जरासं मऊ.

मला रडू आलं. बाहेर बाकावर बसून रडलो. बायको शेजारी बसली. तिने पाठीवर हात ठेवला आणि काही बोलली नाही. खोटा धीर देणारी बाई नाही ती. एका गोष्टीसाठी मी तिचा कायम ऋणी आहे, ती म्हणजे ही.

२३ एप्रिल, बुधवार

बायकोने आणखी दोन जिने धरले. आता सहा. मी म्हटलं, झेपेल का? ती म्हणाली, "तुम्ही घरात आहात, चहा तरी करून ठेवा." चहा करून ठेवला. ती आली, दारातच चपला काढायला वाकली नाही, पायानेच ढकलून काढल्या. माणूस दमला की नीटनेटकेपणा जातो.

२७ एप्रिल, रविवार

ओळंबा आला. हातात पिशवी, पिशवीत गुडघ्याला बांधायच्या गाद्यांचा नवा जोड. चांगल्या जाड. मी म्हटलं, आता आणल्यास? तो म्हणाला, "आधी आणल्या असत्या तर माझ्या डोक्यात घातल्या असत्यात." खरं आहे.

इमारत ठेकेदाराने त्याला दिली. तो बसवणार. मला म्हणाला, "तुम्ही कापा, माल कालवा, उभ्याचं काम आहे. मी गाद्या बांधून बसवतो. पाणसळ लावून." शेवटचं अगदी हळू बोलला.

मी म्हटलं, सभागृह दाखव आधी.

गेलो. त्याने शेवटची ओळ लावून सांधे भरले होते. खिडक्यांतून उजेड आडवा येत होता, आणि आडव्या उजेडात फरशी काही लपवत नाही. सगळं तळ्यासारखं, फक्त दोन ओळींच्या कडा दिसत होत्या. काळ्या रेघा, जिथे एक फरशी दुसरीच्या वर राहिली की सावली पडते. मोजल्या. सातवी आणि आठवी. मी फोडून परत बसवलेल्या. ओळंब्याने त्या तशाच ठेवल्या होत्या. मी म्हटलं, ठेकेदाराने धरलं नाही? तो म्हणाला, "मंचाच्या खुर्च्या येतात त्यांच्यावर. झाकून जाईल."

तिथेच त्याला हत्यारांची झोळी देऊन टाकली. थापी, रबरी हातोडा, छिन्न्या, दोरी, पाणसळ. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, घे, मी उभ्याने कापणारा माणूस नाही. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

३ मे, शनिवार

ओळंब्याने दुसरा माणूस घेतला कापायला. भाजीवाल्याकडून कळलं. बरोबरच आहे, किती दिवस वाट बघणार.

४ मे, रविवार

आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात. त्या दोन ओळी मी पंचवीस वर्षांच्या हाताने बसवल्या, डोळे मिटून तपासल्या, आणि त्या वाकड्या. गुडघा खोटं बोलत होता म्हणून मी त्याच्या खोट्याबरहुकूम फरशी लावली. मग आधी किती वेळा बोलला असेल? सूज काय एका दिवसात येते? किती घरांत माणसं माझ्या वाकड्या फरश्यांवर चालत असतील आणि मी छाती काढून फिरतोय.

एक फरशी मात्र होती. दुपारी जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात गेलो. ओट्याला धरून हळूहळू खाली गेलो आणि डावा गुडघा टेकला. डोळे मिटले.

काहीच नाही. फरशी नाही, सांधा नाही, गार नाही, गरम नाही. मांडी संपली की पुढे कोणी नाही. पुढे सरकलो, मागे सरकलो. उजवा टेकवायची हिंमत झाली नाही.

पाणसळ असती तर ठेवली असती. ती ओळंब्याच्या झोळीत.

बायको भांडी पुसत होती. तिला म्हटलं, "अगं, जरा इकडे ये. इथे गुडघा टेक."

ती म्हणाली, "कशाला?"

"मला काही कळत नाही. तू टेक आणि सांग, सपाट आहे का."

"मला काय कळतंय तुमच्या फरशीतलं."

"कळायचं काय त्यात. डोळे मीट आणि खाली काय लागतं ते सांग. खोटं बोलू नकोस."

तिने फडकं खांद्यावर टाकलं. मग ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि खाली बसली, आधी एका कुशीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. ओठ दाबून धरले होते. डोळे मिटले.

"काय वाटतं?"

"सपाट आहे," ती म्हणाली.

"तुला शपथ आहे."

तिने गुडघा जरा हलवला. मग म्हणाली, "खाली बोळा राहिल्यासारखं वाटतं. फडक्याचा."

माझेच शब्द. विचारलं, कुठे, या सांध्यावर? पुढे सरक. ती सरकली. इथे? "इथेही." ओट्याजवळ? "तिथेही. जिथे टेकते तिथे."

सगळी फरशी. मी भिंतीला टेकून बसलो. एक उरली होती, तीही गेली.

ती ओट्याला लोंबकळून उठली, दोनदा बसकण मारून. मग फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे काढला, फडक्यात गुंडाळला. मी म्हटलं, मला आता नको, माझा गुडघा सुजत नाही. ती म्हणाली, माहीत आहे, आणि बर्फ घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. चिडली असेल, सुट्टीच्या दिवशी खाली बसवलं म्हणून.

मी अजून फरशीवरच आहे. वही मांडीवर. इथून सगळे सांधे सरळ दिसतात, हेच कळत नाही. अकरा वर्षं ती या घरात वावरतेय, खाली एवढं टोचत असताना, आणि एका शब्दाने मला बोलली नाही.